फौज जेवते कुठे?

"आई, मी पानिपत जिंकलं!"

मागच्या हिवाळ्यातली रविवारची सकाळ. मी पोह्यांसाठी कांदा चिरत होते आणि ओट्यावर डाळीच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनवर कराडहून माझे बाबा बोलत होते. आमचे चिरंजीव, वय वर्षं साडेबारा, हातातला टॅबलेट उंचावत स्वयंपाकघरात घुसले ते ही आरोळी ठोकतच. "पानिपत झालं" म्हणजे सगळं धुळीला मिळालं, असं ज्या भाषेत म्हणतात, त्या भाषेच्या घरात अशी बातमी काही रोज येत नाही. मी सुरी खाली ठेवली.

बाबांनी शांतपणे विचारलं, "अरे वा! कुठल्या साली?"

"सतराशे बावीस."

"तेव्हा सदाशिवरावभाऊंचा जन्मसुद्धा झाला नव्हता रे."

"आजोबा, माझ्या गेममध्ये भाऊ नाहीयेत. अब्दालीपण नाहीये. मी मोगलांशी लढलो, वर नॉर्थमध्ये. म्हणून मीच त्याला पानिपत नाव दिलं. माझ्याकडे हत्ती होते!"

"बरं. फौज किती होती?"

"वीस तुकड्या."

"आणि घरापासून किती दिवस लांब होती?"

चिरंजीवांनी बोटं मोजली. "सहा टर्न्स. म्हणजे तीन वर्षं."

"मग तीन वर्षं ती जेवली कुठे?"

चिरंजीवांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू आजोबांची तब्येत बरी नसावी. "आई, ते जेवत नाहीत. ते सोल्जर्स आहेत."

बाबांचा प्रश्न विचित्र नव्हता. त्यांची सगळी नोकरी तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेत गेली. कामाला लागले तेव्हा १९७२ चा दुष्काळ चालू होता. परदेशातून आलेली ती लाल मिलो ज्वारी, रोजगार हमीच्या कामावरची माणसं, शाळांतून वाटली जाणारी सुकडी, हे सगळं त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. धान्य निघालं का, कुठे अडकलं, किती पोहोचलं, हे प्रश्न त्यांच्या अंगात इतके मुरलेत की आमच्या लग्नातही ते मांडवापेक्षा कोठीघरात जास्त वेळ होते. पण नातवाच्या उत्तराने मात्र मी विचारात पडले. महिनाभर मीच तो खेळ हातात घेतला. मी इतिहासाची पदवीधर नाही, पेशाने हिशेबनीस आहे. तेव्हा हे परीक्षण एका हिशेबनीस आईचं आहे, असं समजून वाचा.

खेळाचं नाव 'एम्पायर: टोटल वॉर'. इथेच इंग्लंडात, ससेक्स परगण्यातल्या हॉर्शम गावच्या क्रिएटिव्ह असेंब्ली या कंपनीने तो २००९ साली संगणकासाठी काढला. २०२४ मध्ये तो फोनवर आणि टॅबलेटवरही आला, आणि त्यामुळेच पंधरा वर्षांपूर्वीचा हा खेळ आमच्या घरी नव्याने दाखल झाला. खेळ सुरू होतो सन १७०० मध्ये आणि संपतो शतकाच्या अखेरीस. वर्षाला दोन फेऱ्या. युरोप, अमेरिका आणि हिंदुस्थान असे तीन मोठे नकाशे. आपण एक राज्य निवडायचं, कर बसवायचे, बंदरं बांधायची, शाळा काढायच्या, तह करायचे आणि लढाया लढायच्या. निवडायच्या राज्यांमध्ये ब्रिटन, फ्रान्स, प्रशिया, ऑटोमन यांच्या पंगतीला चक्क मराठे आहेत! लंडनजवळ वाढणाऱ्या मराठी मुलाला हे केवढं अप्रूप असेल, ते सांगायला नको. शाळेच्या पुस्तकात त्याला मराठ्यांबद्दल एक ओळ सापडत नाही. इथे भगव्या झेंड्याखाली अख्खी फौज त्याच्या बोटाच्या इशाऱ्यावर चालते.

गणपतीच्या कार्यक्रमात पालकांचा घोळका जमला की या विषयावर दोन तट हमखास पडतात. एक म्हणतो, "काय ते दिवसभर मारामारीचे खेळ, डोळे जातील पोरांचे." दुसरा म्हणतो, "अहो, त्या निमित्ताने इतिहास तरी शिकतोय, असू दे." दोघंही मुलाच्या खांद्यावरून दोन मिनिटं वाकून पाहतात आणि मत बनवून समोसे घ्यायला जातात. मीही त्यातलीच होते.

आधी चांगलं ते सांगते. आमच्या मुलाला आज माळवा कुठे, वऱ्हाड कुठे, कर्नाटक प्रांत कुठे हे नकाशावर न बघता सांगता येतं. मला त्याच्या वयात येत नव्हतं. रयतेवरचा कर वाढवला की तिजोरी भरते, पण पुढे दंगा होतो, हे त्याला तीन वेळा राज्य घालवून कळलं. समुद्राकडे पाठ फिरवली तर किनारा दुसऱ्याचा होतो, हेही कळलं. मग मी त्याला कान्होजी आंग्र्यांची गोष्ट सांगितली तेव्हा त्याने ती कान देऊन ऐकली. मराठी शाळेत हीच गोष्ट सांगितली होती तेव्हा तो टेबलाखालून मित्राला लाथा मारत होता. भूक लागल्याशिवाय जेवण जात नाही, तसं प्रश्न पडल्याशिवाय इतिहास डोक्यात जात नाही. खेळ प्रश्न पाडतो, हा त्याचा मोठा गुण आहे.

आता चुका. ढोबळ चुका भरपूर आहेत. सन १७०० मध्येच खेळाने आपल्या राज्याला 'मराठा कॉन्फेडरसी' म्हणजे मराठा मंडळ म्हटलं आहे. खरं पाहता त्या साली मार्च महिन्यात छत्रपती राजाराम महाराज सिंहगडावर वारले, औरंगजेब स्वतः महाराष्ट्रात तळ ठोकून होता, आणि ताराबाई राज्य सावरायला उभ्या राहत होत्या. शिंदे, होळकर, गायकवाड, नागपूरकर भोसले यांचं ते मंडळ पुढे शाहू महाराज आणि पेशव्यांच्या काळात आकाराला आलं.

असाच प्रकार 'सिव्हिलायझेशन' या दुसऱ्या प्रसिद्ध खेळात. त्यात गांधीजी अणुबॉम्ब टाकतात, असं मुलं हसत हसत सांगतात. १९९१ च्या पहिल्या खेळातल्या एका तांत्रिक चुकीमुळे गांधी युद्धखोर झाले, अशी दंतकथा कित्येक वर्षं फिरत होती. खेळाचे जनक सिड मायर यांनी २०२० च्या आपल्या आत्मचरित्रात ती खोडून काढली. अशी काही चूक नव्हतीच म्हणे. नंतरच्या आवृत्तीत मात्र गंमत म्हणून ते मुद्दाम घातलं गेलं.

पण या चुकांचं मला फारसं भय वाटत नाही. त्या दिसतात, आणि जे दिसतं ते सुधारता येतं. पाच मिनिटं मुलाशेजारी बसून "हे असं नव्हतं बरं का" म्हटलं की काम झालं. मला काळजी आहे ती खेळात जे नाहीच त्याची. नसलेल्या गोष्टीबद्दल मूल विचारणार तरी कसं?

या खेळात भूक नाही.

हिशेबनिसाच्या प्रामाणिकपणाने सांगायचं तर फौजेचा खर्च आहे. दर फेरीला तिजोरीतून ठरलेली रक्कम वजा होते. शत्रूची गावं, शेतं लुटता येतात आणि त्याने त्याची मिळकत घटते. माणसं मेली तर पैसे भरायचे, पुढच्या फेरीला तुकडी पुन्हा भरून येते. पण शत्रूच्या मुलखात खोल शिरलेली, चारी बाजूंनी कोंडलेली फौज धान्यावाचून खंगत नाही. पैसा आहे ना, मग झालं. दुसरा तितकाच लोकप्रिय खेळ 'एज ऑफ एम्पायर्स', त्याचंही तेच. तिथे एक गावकरी तयार करायला ५० अन्न लागतं. त्यानंतर तो बिचारा जन्मभर उपाशीपोटी लाकडं तोडतो!

तुम्ही म्हणाल, खेळ आहे, त्यात काय एवढं? बुद्धिबळातला घोडा तरी कुठे चारा खातो? खरं आहे. पण बुद्धिबळ आपल्याला अठरावं शतक शिकवायचा दावा करत नाही. आणि आपल्या अठराव्या शतकातून भूक काढून टाकली, तर मागे काय उरतं ते बघा.

पालखेड घ्या. १७२८ साल. निजाम पुण्यावर चालून आला. थोरले बाजीराव पुणं वाचवायला धावले नाहीत. ते निजामाच्याच मुलखात घुसले, जालना, खानदेश, गुजरात असे वाऱ्यासारखे फिरले, आणि आपल्या जड तोफखान्यासकट निजामाला मागे मागे ओढत नेलं. शेवटी वैजापूरजवळ पालखेडला त्याला अशा जागी गाठलं, की ना पाणी, ना दाणा. मोठी लढाई न होता निजाम तहाला आला. दुसऱ्या महायुद्धातले इथले सेनापती माँटगोमेरी यांनी युद्धांच्या इतिहासावरच्या आपल्या पुस्तकात या मोहिमेची वाखाणणी केली आहे. ही मोहीम आमच्या चिरंजीवांच्या टॅबलेटवर जिंकताच येत नाही. कोंडलेला निजाम तिथे पुढच्या फेरीलाही ताजातवानाच असतो.

आणि पानिपत? भाऊ १७६० च्या मार्चमध्ये दक्षिणेतून निघाले. ऑगस्टमध्ये दिल्ली घेतली, तेव्हाच पैशाची इतकी ओढ होती की लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासच्या छताची चांदी काढून तिचे रुपये पाडले. ऑक्टोबरमध्ये कुंजपुरा घेतलं, तिथे धान्याचे साठे मिळाले. पण त्याच महिन्यात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून अलीकडे आला आणि आपल्या लोकांचा दिल्लीचा, म्हणजेच घरचा, रस्ता तुटला. नोव्हेंबरपासून दोन्ही फौजा समोरासमोर बसून राहिल्या. रसद तोडायची कामगिरी करणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. रुपये असले तरी विकायला दाणाच नाही, अशी अवस्था झाली. उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, असं ठरवून १४ जानेवारी १७६१ च्या सकाळी ती माणसं मैदानात उतरली.

म्हणजे त्या शतकातला आपला सर्वांत देखणा विजय आणि सर्वांत मोठा पराभव, दोन्ही या खेळात घडूच शकत नाहीत. एकात भूक आपल्या बाजूने लढली, दुसऱ्यात आपल्यावर उलटली. भूकच काढून टाकली की उरतात फक्त हत्ती, तोफा आणि कोण शूर, कोण भित्रा एवढाच प्रश्न. मग मुलाला वाटणारच, की पानिपतावर हरले म्हणजे त्यांना नीट खेळता आलं नाही. माझा मुलगा अगदी हेच म्हणाला: "भाऊंनी माझ्यासारखे हत्ती पुढे ठेवले असते तर जिंकले असते." मला ते लागलं. कारण जे लोक तिथे दोन महिने अर्धपोटी राहून मेले, त्यांच्याबद्दल माझ्याच घरात इतक्या सहज निकाल दिला जात होता.

हे करणं कंपनीला अशक्य होतं असंही नाही. याच लोकांनी पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, 'नेपोलियन: टोटल वॉर' काढला. त्यात थंडीने आणि वाळवंटाने फौज झिजते. रशियाचा बर्फ दाखवल्याशिवाय नेपोलियनची गोष्ट पुरी होत नाही, हे त्यांना कळलं होतं. मराठ्यांच्या गोष्टीबद्दल तेवढा विचार झाला नाही, इतकंच.

माझ्या थोरल्या लेकीने आणखी एक गोष्ट दाखवली. ती कॉलेजात इतिहास शिकते. भावाच्या खांद्यावरून अमेरिकेचा नकाशा बघत ती म्हणाली, "हा सगळा ऊस आणि तंबाखू कोण तोडतंय?" खेळात मळे आहेत, साखर आहे, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून हस्तिदंत आणणारी जहाजं आहेत. पण ब्रिस्टल आणि लिव्हरपूल ज्या व्यापारावर श्रीमंत झाले, तो माणसांचा व्यापार कुठे दिसत नाही. आपल्याकडचे उपाशी शिपाई आणि तिकडचे गुलाम, दोघंही एकाच ठिकाणी गडप झाले आहेत: हिशेबाच्या एका आकड्यात. जमाखर्च लिहिणारी बाई म्हणून सांगते, आकडा खोटा नसतो, पण त्यामागे कोण आहे ते आकडा सांगत नाही.

मग खेळ बंद करायचा का? ह्यांचं मत तेच पडलं. मी म्हटलं, थांबा, आधी एक करून बघू.

आम्ही घरचा एक नियम केला. जी फौज आपल्या मुलखापासून तुटली असेल, तिच्यातली एक तुकडी दर फेरीला रजा देऊन काढून टाकायची. खेळात तशी सोय आहे. नियमाला नाव दिलं 'आजोबा कर'. चिरंजीव आधी खूप चिडले. पहिल्या वेळी वीस तुकड्या घेऊन उत्तरेत गेले, पोहोचेपर्यंत चौदा उरल्या, आणि सडकून मार खाल्ला. "दिस इज सो अनफेअर!" म्हणून टॅबलेट सोफ्यावर आपटला. दुसऱ्या वेळी एकेक प्रांत घेत, मागची वाट राखत हळूहळू सरकले. तिसऱ्या संध्याकाळी जेवताना एकदम म्हणाले, "आई, रस्ता तुटला तेव्हा भाऊ लगेच मागे का नाही फिरले? मी तर फिरलो."

मी कराडला फोन लावला. बाबा म्हणाले, "तू फिरलास कारण तुझ्याबरोबर नुसते शिपाई होते. भाऊंबरोबर बायकामुलं होती, काशी-मथुरेच्या आशेने निघालेले यात्रेकरू होते, वाणी, लोहार, मोतद्दार होते. हजारो माणसं. त्यांना सोडून पळायचं कसं, आणि घेऊन पळायचं तर कसं?"

"त्यांना काय म्हणतात?" चिरंजीव.

"बुणगे. बाजारबुणगे."

आपण हा शब्द आता शिवी म्हणून वापरतो. त्या रात्री आमच्या घरात तो पहिल्यांदा माणसांसाठी वापरला गेला. चिरंजीवांनी सगळ्या तुकड्यांची यादी वरपासून खालपर्यंत पाहिली आणि म्हणाले, "नाहीयेत. गेममध्ये बुणगे नाहीयेतच." नसलेली गोष्ट त्याला दिसली, ती अशी.

म्हणून माझं मत विचाराल तर असं आहे. हे खेळ मुलांनी खेळावेत. पण 'शैक्षणिक' हा शिक्का मारून मुलाला एकट्याला त्यांच्या हवाली करू नये. डब्यावर किंवा दुकानाच्या पानावर वयाची 'पेगी' खूण असते, ती आधी बघा. इथे १२ आणि त्यावरच्या खुणा नुसत्या सूचना नाहीत, २०१२ पासून दुकानदारांवर कायद्याने बंधनकारक आहेत. अनोळखी लोकांशी जोडून खेळायची आणि गप्पा मारायची सोय लहान मुलांसाठी बंदच ठेवा. वेळेची मर्यादा घरोघरी वेगळी असेल. आमच्याकडे शनिवार-रविवार दीड तास आहे, आणि त्यावरून भांडणं होतातच, उगाच खोटं कशाला सांगू!

पण सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे आठवड्यातून एकदा तरी शेजारी बसा. तुम्हाला खेळता आलं पाहिजे असं नाही. मला अजूनही तोफा कुठल्या बाजूला वळवायच्या ते कळत नाही. फक्त साधे प्रश्न विचारा. ही माणसं जेवतात कुठे? हा ऊस कोण तोडतंय? हे गाव जाळलं, तिथले लोक कुठे गेले? उत्तर तुम्हाला ठाऊक नसलं तरी चालेल, गावाकडे फोन लावा. आपले आईवडील तिथे बसून नातवंडांशी "जेवलास का? थंडी आहे का?" यापलीकडे काय बोलावं अशा विवंचनेत असतात. आमच्याकडे आता रविवारचा फोन तासभर चालतो.

प्रयोग पूर्ण यशस्वी झाला, असंही म्हणणार नाही. मित्रांबरोबर असले की चिरंजीव 'आजोबा कर' भरत नाहीत. परवाच पाहिलं, हत्ती पुढे काढून जोरात लढाई चालली होती. मुलगाच आहे तो. पण संपल्यावर माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, "आई, आजोबांना विचार ना, एका घोड्याला दिवसाला किती हरभरा लागतो?"

बाबांनी वेळ मागून घेतला आहे. गावातल्या घोडेवाल्याला विचारून सांगतो म्हणाले.